अंगण कशाला, ओटा शोधा

"आई-बाबा एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी येताहेत. आम्ही हॅरोच्या ऐन मध्यात, पाचव्या मजल्यावर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. खाली दुकानं, समोर टॉवर, बाजूला आणखी एक टॉवर उठतोय. दर्यापूर तालुक्यात मोकळ्या घरात आयुष्य काढलेली माणसं इथं गुदमरतील. हे म्हणतात, फ्लॅट विकू आणि एम पंचवीसच्या, म्हणजे लंडनभोवतीच्या मोटारवेच्या, बाहेर बाग असलेलं घर घेऊ."

लंडनमधल्या हॅरोच्या या ताईंनी आणखी तीन गोष्टी विचारल्या आहेत. फोडणीचा वास, मुलाचं मराठी आणि फ्लॅटची लीज, म्हणजे ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा. त्याचं शेवटी बघू. आधी हे घर विकायचं डोक्यातून काढा.

ताई, सासू-सासऱ्यांसाठी तुमचा जीव तुटतो हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. असं वाटणाऱ्या सुना आता कमी झाल्यात, म्हणून आधी कौतुक. पण "मोकळ्या घरात आयुष्य काढलेली माणसं" हे तुम्ही लिहिलंत कसं? गाव इतक्यात विसरलात? मी निवृत्तीनंतर आर्वीजवळ सासरच्या गावी परतले आहे, त्यामुळे रोज डोळ्यांसमोर बघते. तुमचं पूर्णेकाठचं गाव काय आणि आमचं काय, गावठाणात घराची भिंत घराला लागलेली असते. शेजारणीनं ठेचा कुटला की आपल्याला ठसका लागतो. गल्लीतून एक बैलगाडी जेमतेम निघते. मोकळं असतं ते रान, आणि ते गावाबाहेर असतं. आपली माणसं राबली काळीत, पण राहिली पांढरीत, दाटीवाटीनं. रानडुकरांच्या धाकानं रात्री जागलीला गेलेला माणूससुद्धा उजाडलं की गावात येतो. एकटं शेतात घर बांधून राहण्याची हौस आपल्याकडे कुणाला नव्हती.

आणि अंगण, परसबाग असली तरी बाबा बसतात कुठं? रस्त्याकडच्या ओट्यावर. जाणारा-येणारा "काय भाऊ, झालं का जेवण?" विचारतो, यष्टी आली की कोण उतरलं ते दिसतं, पानठेल्यावर कापसाच्या भावाची खबर मिळते. दिवस जातो तो या बोलण्यात. बंद दाराच्या घरामागचं, लाकडी कुंपण घातलेलं हिरवं लॉन त्यांना ते कुठून देणार?

माझे सासरे विलायतेला आले तेव्हा आधी धाकट्या दिराकडे राहिले. घर नवं, मोठं, मागं सफरचंदाची झाडं. बस तासाला एक, रविवारी तीही नाही. सकाळी आठला दीर-जाऊ गाड्या घेऊन कामावर, मुलं शाळेत. मग सासरे पुढच्या खोलीत खुर्ची खिडकीशी ओढून बसायचे. मी फोन केला की एकच म्हणायचे, "कोणी दिसूनच नाई राह्यलं वं रस्त्यानं. मले काई करमत नाई." दिराचं काही चुकलं नव्हतं, त्यानं जिवापाड केलं. जागाच तशी होती.

तिथून ते आमच्याकडे हौन्स्लोला आले. फ्लॅट हाय स्ट्रीटवर, दुकानांच्या वर, डोक्यावरून हीथ्रोची विमानं. जाऊबाईंना वाटलं, आता तर हे परतच जातील. झालं उलट. सकाळी चहा झाला की धोतर-कोट घालून खाली. बाकावर बसणारे पंजाबी म्हातारे ओळखीचे झाले, दोघांचंही हिंदी तोडकंमोडकं म्हणून कुणालाच लाज नव्हती. भाजीच्या दुकानात त्यांनी सवयीनं भेंडीचं टोक मोडून बघितलं. कोवळी भेंडी कट्कन मोडते, ती नुसतीच वाकली. दुकानदारानं आधी डोळे वटारले, मग हसून म्हणाला, "बाबाजी, कल आओ, ताजा माल आएगा." दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी सासरे पिशवी घेऊन हजर! पुढं आमच्या घरातली भाजी तेच आणायला लागले, आणि मला पिठाच्या पिशवीपासून कोथिंबिरीपर्यंत कशाचा भाव काय, ते सांगायला लागले. माझी आई नंतर आली, तिचंही असंच झालं. म्हणून सांगते, गाडी न चालवणाऱ्या माणसाला पायानं जाता येईल ते घर मोठं, मग ते दोन खोल्यांचं का असेना.

तुमच्या दाराशी काय काय आहे ते बघा तरी. सेंट ॲन्स रोडवर गाड्यांना बंदी, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला निवांत चालायला अख्खा रस्ता. आजूबाजूला गुजराती बोलणारे इतके की आईंना "केम छो" दोन दिवसांत येईल. वाचनालयात नुसतं बसायला कुणी पैसे मागत नाही. बसस्टँड आणि रेल्वे स्टेशन शेजारी-शेजारी. मेट्रोपॉलिटन लाइननं वेम्बली पार्क, तिथून ज्युबिलीनं डॉलिस हिल, की 1932 पासूनचं महाराष्ट्र मंडळ. हे सगळं सोडून तुम्ही कुठं निघालात?

करायचं ते एवढंच. पहिले दोन दिवस बाबांना घेऊन खाली-वर करा. फोब, म्हणजे दार उघडायची इलेक्ट्रॉनिक चावी, कुठं टेकवायचा, लिफ्टचं बटण कोणतं, इंटरकॉमवर तुमच्या फ्लॅटचा नंबर कसा दाबायचा, हे त्यांच्या हातानं करून घ्या. "राहू द्या बाबा, मी करते" म्हणू नका. पत्ता, फ्लॅट नंबर आणि तुम्हा दोघांचे फोन इंग्रजीत लिहिलेला जाड कागद खिशात ठेवा. तिसऱ्या दिवशी एकटं सोडा, आणि काहीतरी काम सांगून सोडा. दूध आणा, मेथी दिसली तर आणा. नुसतं "फिरून या" म्हटलं की माणूस दारातच घुटमळतो. शनिवारी आईंना वेम्बलीच्या ईलिंग रोडवर न्या. तुरीच्या शेंगा दिसल्या की त्यांचा चेहरा बघा.

एक मात्र मला तुमच्या पत्रात सापडलं नाही. शेत मक्त्यानं दिलंय की बाबा स्वतः वाहतात? स्वतः वाहत असतील तर मृग लागला की त्यांचं मन पेरणीकडे जाणार, आणि तुम्ही त्याचा दोष फ्लॅटला द्याल. तिकीट काढायच्या आधी त्यांना विचारा. मे अखेर परत यायचं म्हणाले तर येऊ द्या, सहा महिन्यांचा हट्ट धरू नका.

आता उरलेलं. फोडणी देताना खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू आणि बाहेरचं दार बंद. दार उघडं ठेवलं की वास कॉरिडॉरभर होतो. चपलांची रास दाराबाहेर नको, आग लागली तर तीच वाट असते. मुलाचं मराठी आजीवर सोपवा आणि मध्ये इंग्रजीत भाषांतर करून देऊ नका, बोलेल तो. लीजची 84 वर्षं उरली आहेत म्हणता, तर ती 80 च्या खाली जायच्या आत वाढवून घ्या, नंतर महाग पडत आलं आहे. कायदा 2024 मध्ये बदलला, पण त्यातलं सगळं एकदम लागू झालेलं नाही, तेव्हा लीजची कामं करणाऱ्या वकिलाकडे याच महिन्यात जा. आणि आई-बाबांचा प्रवासी विमा विसरू नका. पाहुणे म्हणून आलेल्या माणसांना तिथल्या हॉस्पिटलचं बिल भरावं लागतं आणि ते थोडं नसतं. रक्तदाबाच्या गोळ्या चिठ्ठीसह पुरेशा बांधून आणायला सांगा.