पॉप्युलिस्ट म्हणजे लोकानुनयी?

प्रश्न असा आला आहे: "मराठी वर्तमानपत्रं 'पॉप्युलिस्ट'ला सरसकट 'लोकानुनयी' म्हणतात. लाडकी बहीण योजना लोकानुनयी आणि डोनाल्ड ट्रम्पही लोकानुनयी. हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो का? आणि 'एलीट'ला काय म्हणायचं, अभिजन की उच्चभ्रू?"

माझं उत्तर: पहिल्या ठिकाणी चालतो, दुसऱ्या ठिकाणी दिशाभूल करतो.

अनुनय म्हणजे मनधरणी. संस्कृत काव्यांत रुसलेल्या नायिकेचा अनुनय नायक करतो. त्यामुळे 'लोकानुनय' म्हटलं की मतदार फुरंगटून बसलाय आणि पुढारी हातात काहीतरी घेऊन त्याला चुचकारतोय, असं चित्र आपोआप उभं राहतं. वीजबिलमाफी, निवडणुकीच्या तोंडावरचा अर्थसंकल्प, २०२४च्या जूनमध्ये जाहीर झालेले महिना १५०० रुपये, इथे हा शब्द चपखल बसतो. (गंमत म्हणजे जुन्या काळी हीच गोष्ट राजाचं भूषण होती. रघुवंशात कालिदास 'राजा प्रकृतिरञ्जनात्' म्हणतो, प्रजेचं रंजन करतो म्हणून तो राजा. व्युत्पत्ती व्याकरणाच्या कसोटीला उतरत नाही, ते सोडा. पण राजाने केलं तर रंजन आणि निवडून आलेल्याने केलं तर लोकानुनय, असा हा व्यवहार आहे.)

आता मूळ शब्दाचं माहेर बघू. १८९२ साली अमेरिकेत 'पीपल्स पार्टी'ने ओमाहा शहरात आपला जाहीरनामा मांडला आणि तिच्या लोकांना 'पॉप्युलिस्ट' म्हणू लागले. हे बहुतेक कॅन्सस-नेब्रास्काकडचे गव्हाचे आणि दक्षिणेतले कापसाचे शेतकरी. मालाचे भाव वर्षानुवर्षं पडत होते, कर्ज मात्र तेवढंच राहत होतं. धान्य बाजारात न्यायचं तर रेल्वे कंपनी सांगेल ते भाडं मोजायचं, आणि चलन सोन्याला बांधलेलं असल्यामुळे पैसा पूर्वेकडच्या बँकांच्या मुठीत. त्यांनी काय मागितलं? रेल्वे सरकारने ताब्यात घ्यावी, चांदीची नाणी मोकळेपणाने पाडावीत, ज्याची कमाई जास्त त्याला कर जास्त लावावा, सेनेटर थेट जनतेने निवडावेत. त्यांचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मतं पडली आणि चार राज्यं त्यांनी जिंकली. यातल्या आयकराची आणि सेनेटरांच्या थेट निवडणुकीची तरतूद १९१३ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेतच आली. यात मनधरणी कोण कुणाची करतंय? लोकच उठून 'तुम्ही आम्हाला लुबाडताय' म्हणत होते. या माणसांना 'लोकानुनयी' म्हणणं म्हणजे मोर्चाला हळदीकुंकू म्हणण्यासारखं आहे.

आपल्याकडचं याच जातीचं उदाहरण हवं असेल तर शरद जोशींची शेतकरी संघटना घ्या. चाकणचं कांदा आंदोलन, 'भारत विरुद्ध इंडिया' म्हणजे खेडी विरुद्ध शहरी सत्ता ही मांडणी आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा. ही घोषणा लोकानुनयाच्या नेमकी उलट आहे. ती वाटप नाकारते. संघटनेचे कार्यकर्ते 'कर्जमाफी' शब्दही खपवून घेत नसत. माफी गुन्हेगाराला असते, आम्हाला 'कर्जमुक्ती' हवी, असं ते बजावून सांगत. आणि 'इंडिया'वर आसूड ओढणारे जोशी स्वतः टपालसेवेतले अधिकारी, नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या जागतिक टपाल संघटनेत नोकरी केलेले. शेतकऱ्यांना त्याची अडचण झाली नाही. न्यूयॉर्कमध्ये सोनेरी लिफ्टच्या मनोऱ्यात राहिलेला बिल्डर ट्रम्प खाणकामगाराला आपला कसा वाटतो, याचं नवल करणाऱ्यांनी हे आठवावं. माणूस कुठल्या घरातला आहे यापेक्षा तो बोलताना कुणाच्या बाजूला उभा राहतो, हे मतदार आधी पाहतो.

मतदार पॉप्युलिस्ट पुढाऱ्याकडे का ओढला जातो, याचं एक उत्तर मला व्याकरणात दिसतं. सरकारी मराठी ऐका: 'अनुदान बंद करण्यात आले आहे.' 'सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात येईल.' 'निकषांत बसत नसल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.' वाक्य पूर्ण आहे, पण कर्ता कुठे आहे? बंद कुणी केलं? निकष कुणी ठरवले? तज्ज्ञांची भाषाही याच वळणाची असते: 'जागतिकीकरणामुळे उत्पादनक्षेत्रातील रोजगार कमी झाले.' कमी झाले म्हणजे जणू पाऊस कमी झाला. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ज्या माणसाचा कारखाना बंद पडला, त्याला माहीत असतं की कुणीतरी सही केली होती. २००८ मध्ये अमेरिकेत मोठ्या बँका सरकारी पैशाने वाचवल्या गेल्या आणि हप्ते थकलेल्यांच्या घरांचे लिलाव झाले, तेव्हाही स्पष्टीकरणं अशीच बिनकर्त्याची होती. अशा वेळी कुणीतरी व्यासपीठावर चढतो आणि वाक्यात कर्ता घालून बोलतो: 'त्यांनी तुमची नोकरी घालवली.' कर्ता पुष्कळदा चुकीचा असतो. स्थलांतरित, परका, शेजारचा देश, जो हाताशी लागेल तो. तरीही एवढी वर्षं वाक्यातली जी जागा रिकामी ठेवली होती ती त्याने भरलेली असते. 'लोक भूलथापांना बळी पडतात' असं म्हणणारे आधी ती जागा रिकामी कुणी ठेवली ते सांगत नाहीत.

दुसरं कारण मानापमानाचं. 'पाठीवर मारा पण पोटावर मारू नका' असं आपण म्हणतो, पण निवडणुकीत पाठीवरचा वळ जास्त दिवस टिकतो. सप्टेंबर २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना 'डिप्लोरेबल्स' म्हटलं, त्याचं मराठी 'धिक्कार करावा असल्या लायकीचे' असं होईल. काही दिवसांत तोच शब्द छापलेले टीशर्ट घालून लोक सभांना आले. अर्जेंटिनात १९४५ मध्ये तिथला पुढारी पेरॉन याच्या बाजूच्या कामगारांना हिणवून 'बिनसदऱ्याचे' म्हटलं गेलं. पेरॉननी ती पदवीच करून टाकली. आपल्याकडे जानेवारी २०१४ मध्ये काँग्रेसचे मणिशंकर अय्यर यांनी मोदींना चहावरून टोमणा मारला आणि फेब्रुवारीत 'चाय पे चर्चा' सुरू झाली. हिणवणारा शब्द उचलून छातीवर लावण्यात जो आनंद आहे, तो महिना १५०० रुपयांत मोजता येत नाही. म्हणून तर 'लोकानुनय' अपुरा पडतो: त्यात मतदार फक्त घेणारा आहे, चिडलेला नाही.

आता 'एलीट'. फ्रेंचमधून आलेला हा शब्द म्हणजे 'निवडलेले', 'इलेक्शन'च्याच लॅटिन मुळाचा. ज्यांना आपण कधी निवडलं नाही त्यांचं नाव 'निवडलेले'! 'अभिजन' त्याच्या जागी रूढ झाला आहे, पण त्याचा रोख जन्मावर आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीचा माणूस म्हणतो, 'आढ्योऽभिजनवानस्मि कोऽन्योऽस्ति सदृशो मया': मी श्रीमंत, मी कुलीन, माझ्यासारखा दुसरा आहे कोण! सूर अगदी ओळखीचा आहे. मात्र आज ज्यांच्यावर राग आहे त्यांतले पुष्कळजण परीक्षा देऊन वर गेलेले आहेत, कुळामुळे नव्हे. आणि 'आम्ही कष्टाने आलो' हे त्यांचं म्हणणं मागे राहिलेल्याला जास्त झोंबतं, कारण त्याचा अर्थ 'तू कष्ट केले नाहीस' असा होतो.

'उच्चभ्रू' इथे नको. तो 'हायब्राउ'चा शब्दशः केलेला मराठी अवतार आहे. उंच कपाळ म्हणजे जास्त बुद्धी, ही एकोणिसाव्या शतकातली कवटी मोजणाऱ्यांची समजूत त्यामागे आहे. मराठीत येऊन त्याचा अर्थ नुसता 'पैसेवाले' उरला. 'उच्चभ्रू वस्तीत घरफोडी' या मथळ्यात बुद्धीचा काही संबंध नसतो.

महाराष्ट्राच्या राजकारणात रागाने उच्चारला जाणारा खरा शब्द आहे 'प्रस्थापित'. सत्यशोधकांच्या काळात तिथे 'शेटजी-भटजी' होते. पुढे त्या जागी साखरसम्राट आणि शिक्षणसम्राट आले. 'सम्राट' हे शेपूट आदराने लावलेलं नाही, हे सांगायला नको. आणि साखर कारखाने सुरुवातीला सावकार-व्यापाऱ्यांच्या विरोधातच उभे राहिले होते, म्हणजे कालचे विस्थापित आजचे प्रस्थापित. 'अभिजन'ला हा फिरता अर्थ पेलत नाही.

राहिला 'लोकवाद'. काही अभ्यासक 'पॉप्युलिझम'साठी तो वापरतात आणि मला तो त्यातल्या त्यात पटतो. अडचण एकच: संस्कृतात लोकवाद म्हणजे लोकापवाद. रघुवंशातली सीता रामाला 'मां लोकवादश्रवणादहासीः' असा निरोप पाठवते, लोकांची कुजबुज ऐकून मला टाकलंस. पण आजच्या वाचकाच्या कानाला तो अर्थ राहिलेला नाही, त्यामुळे अडू नये.

तेव्हा वाटपाच्या राजकारणाला 'लोकानुनय' म्हणा. 'आम्ही लोक विरुद्ध ते वरचे' या राजकारणाला 'लोकवाद' म्हणा, किंवा सरळ 'पॉप्युलिझम' ठेवा, वाचकाला कळतो. एकाच पुढाऱ्यात दोन्ही असतील तर दोन्ही शब्द वापरावेत. 'लोकानुनयवादी' मात्र नको. अनुनय ही कृती आहे, तिला वाद चिकटवून काही मिळत नाही. 'लोकानुनयी' पुरेसं आहे.