खान्देशात कापड गिरण्या कुणी आणल्या? कामगार वस्त्या मालकांनीच वसवल्या ना?

प्रश्नातल्या त्या 'मालकांनीच ना?'मुळे लिहायला बसलो.

गिरण्यांचं थोडक्यात सांगतो. 1860च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, इकडे भाव चढले आणि खान्देशात कापसाचा पेरा वाढला. त्याच दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली. 1870च्या दशकात जळगावात गिरणी निघाली, 20व्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरला प्रताप शेठजींनी काढली. धुळे, चाळीसगावलाही निघाल्या. 1916चं अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर शेठजींनीच उभं केलं, ते कुणी नाकारत नाही.

आता वस्ती. आमची गिरणी कोणती, ते लिहीत नाही. वडील साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, मामा त्याच गिरणीच्या हापिसात कारकून. बहिणीच्या लग्नात भर पंगतीत मामा मला म्हणाले, "शेठ नसते तर तुन्हा बाप आजबी ढोरं चारता. गाव त्यास्नी वसवलं." मी हातातली पुरी खाली ठेवली. पंचवीस वर्षं झाली, अजून गिळलेली नाही.

मालकाने काय दिलं? विटांच्या चार चाळी, एका रांगेला एक नळ, आणि खोलीचं भाडं पगारातून कापून. मोठी वस्ती त्या चाळींच्या मागे, नाल्याकडेला उठली. एकाला बदलीत, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, काम लागलं की तो मेव्हण्याला आणी, मेव्हणा चुलतभावाला. आधी कुडाच्या भिंती, मग दर दिवाळीच्या बोनसला एकेक भिंत पक्की. पाणी, संडास, गणपतीची वर्गणी, सगळं बायकांनी भांडून मिळवलेलं.

साचेखात्यात खिडक्या बंद ठेवत. हवा दमट राहिली तर सूत तुटत नाही. माणसाचं काय होतं, ते कुणी बघत नसे. शेकडो साच्यांच्या खडखडाटात बोलणं ऐकूच येत नसे, म्हणून माणसं ओठ वाचायला शिकली. तिथून घरी आलं तरी आवाज चढलेलाच. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला वाटायचं, यांच्यात भांडण लागलंय. वडील चाळिशीतच बहिरे झाले. मामांचे कान आजही शाबूत आहेत.

गिरणी बंद पडली तेव्हा वडिलांची 31 वर्षं नोकरी झालेली. 1972च्या कायद्याने वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे ग्रॅच्युइटी. "कागद माझ्याच टेबलावर आहेत, मिळेल," मामा म्हणाले. मिळाली नऊ वर्षांनी, तीही तुकड्यातुकड्यांत. तोवर आईने गोधड्या शिवून घर चालवलं.

(खरं सांगायचं तर टेबल मामांचं असलं तरी सही त्यांची नव्हती. आणि सगळे मालक सारखे नव्हते, हेही मान्य.)

तुम्हाला वस्तीचा इतिहास लिहायचा असेल तर कंपनीच्या वह्या शेवटी उघडा. आधी नळावरच्या म्हाताऱ्यांना विचारा, कुठली भिंत कुठल्या बोनसची ते त्या सांगतील. मामांकडेही जा, पगाराच्या जुन्या पावत्या त्यांच्या पेटीत आहेत, भाडं किती कापलं ते त्यांवर छापलेलं आहे. वडिलांना भेटायला आलात तर अगदी समोर, उजेडात बसा. ओठ दिसले पाहिजेत.