उरलेल्या कापडाची पहिली सजावट: चुण्यांची फुले

उरलेल्या कापडातून सजावटीच्या वस्तू शिवायला तुम्ही नुकतीच सुरुवात करत आहात, तेव्हा उशीच्या अभ्र्यांच्या वाटेला न जाता आधी चुण्यांची फुले करून पाहावीत, असे मी सुचवेन. सुती तुकडे आधी धुऊन इस्त्री करावेत, कारण कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. १० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ कापून, कडा अर्धा सेंटिमीटर आत दुमडत दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालावा आणि दोरा ओढून गाठ मारावी, म्हणजे साधारण साडेचार सेंटिमीटरचे फूल तयार होते. टाके मोठेच ठेवावेत. बारीक टाक्यांनी (नेटकेपणाचा हा मोह आवरत नाही) मधले भोक नीट मिटत नाही. जाड डेनिम चुण्या धरत नाही, त्याच्या त्रिकोणी पताका कराव्यात. सुळसुळीत साटीन तूर्त बाजूला ठेवलेले बरे.