वाचक विचारतात: दोरी, कप्पी आणि आशियाई स्पर्धा

आमच्या सोसायटीत झेंड्याचा २० फुटी खांब आहे. गेल्या २६ जानेवारीला पाहुण्यांनी दोरी ओढली, पण गाठ सुटलीच नाही. शेवटी शिडी आणावी लागली. १५ ऑगस्टला फजिती होऊ नये म्हणून काय करावे? — एक वाचक, मानेवाडा

१५ ऑगस्टला ती गाठ मारूच नका. त्या दिवशी झेंडा खालून दोरीने वर चढवायचा असतो, म्हणून ते ध्वजारोहण. वर बांधलेली घडी उघडायची ती २६ जानेवारीला. अनेक सोसायट्या दोन्ही दिवशी घडीच बांधतात आणि फसतात.

खरी अडचण दोरीची. सुती दोरी पावसात फुगते आणि कप्पीत अडकते. ६ ते ८ मिलिमीटर जाडीची नायलॉनची घ्या. लांबी खांबाच्या दुप्पट आणि वर पाच फूट, म्हणजे तुम्हाला ४५ फूट लागेल. आदल्या संध्याकाळी कप्पीला तेल सोडा आणि नुसतीच दोरी दोनदा फिरवून बघा. वर जाणाऱ्या टोकाला रंगीत धागा बांधून ठेवा. केशरी बाजू तिथेच. घाईत झेंडा उलटा चढतो तो या एका खुणेअभावी. तुमच्या खांबाला साडेचार बाय तीन फुटांचा झेंडा शोभेल. चढवताना झटक्यात, उतरवताना सावकाश.

जानेवारीत गाठ अडते कारण ‘सुटायला नको’ म्हणून कोणीतरी वरून दुसरी मारतो. एकच सरकगाठ मारा. आत सुट्या, कोरड्या पाकळ्या मूठभर पुरेत. ओली अख्खी फुले भरली की घडी जड होते आणि गाठ आवळते.

सप्टेंबरमध्ये जपानला आशियाई स्पर्धा आहेत. शाळेच्या मैदानावर काही देशांचे झेंडे रांगेत लावायचे आहेत. आपला कुठे लावावा? मध्यभागी चालेल का? — एक शिक्षिका, सदर

मध्यभागी नको. रांगेत प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या उजव्या हाताचे शेवटचे टोक आपले. म्हणजे समोर बसलेल्या मुलांना तिरंगा सर्वांत डावीकडे दिसेल. पुढचे देश इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने. सगळे झेंडे एकाच मापाचे, प्रत्येकाला वेगळा खांब. तिरंगा सर्वांत आधी चढतो आणि सर्वांत शेवटी उतरतो.

स्पर्धा १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६, आयची-नागोया येथे. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे सकाळी दहाला सुरू होणारा सामना नागपुरात साडेसहाला दिसेल, तेव्हा पडद्याची सोय परिपाठाआधीच करावी लागेल. मागच्या हांगझोऊ स्पर्धेत आपल्याच नागपूरच्या ओजस देवतळेने तिरंदाजीत तीन सुवर्णपदके मिळवली होती, हे मुलांना जरूर सांगा.

पोरांना झेंड्यावर खेळाडूचे नाव लिहायचे आहे, गाडीच्या बॉनेटवरही पसरायचा आहे. शिवाय आमचा खादीचा झेंडा पावसात भिजला की डाग पडतात. — एक वाचक, महाल

दोन्ही बेत रद्द करा. तिरंग्यावर काहीही लिहायचे नसते आणि तो गाडीवर पसरायचाही नसतो. नाव वेगळ्या फलकावर लिहा. हातात हलवायला कागदी झेंडे चालतात, पण सामना संपल्यावर ते मैदानात टाकायचे नाहीत, गोळा करून घरी न्यायचे.

भिजलेली खादी तशीच घडी घातली की केशरी-हिरवा पांढऱ्यात उतरतो आणि दोन दिवसांत बुरशी धरते. झेंडा पिळू नका. दोघांनी धरून सावलीत, पंख्याखाली आडवा वाळवा. मग आडव्या घडीत केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडा. पांढऱ्याची दोन्ही टोके आत घेतली की वर अशोकचक्र राहायला हवे.