जर्मनीत फौजदारी कायद्याची प्राध्यापक व्हायचंय!

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.च्या चौथ्या वर्षाला आहे. वर्गात क्लाउस रॉक्सिन हे नाव ऐकल्यापासून ‘जर्मनीत फौजदारी कायद्याची प्राध्यापक होणार’ हेच धरून बसली आहे. जमेल का हे? शिवाय अभ्यास सोडून कादंबऱ्या वाचते, त्याचं काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, मुलीनं माणूस चांगला निवडलाय. रॉक्सिन म्हणजे जर्मनीतले फौजदारी कायद्याचे गाजलेले प्राध्यापक. जन्म १९३१चा, हॅम्बर्गचा. तिथंच कायदा शिकले, १९५७ला डॉक्टरेट केली. जर्मनीत तेवढ्यावर भागत नाही. त्यापुढे ‘हॅबिलिटेशन’ म्हणून आणखी मोठा प्रबंध लिहावा लागतो. तो त्यांनी १९६२ला पूर्ण केला. विषय एकच : गुन्ह्याचा खरा कर्ता कोण?

तेव्हा नुकताच जेरुसलेममध्ये आइकमन या नाझी अधिकाऱ्यावर खटला झाला होता. लाखो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे धाडण्याची व्यवस्था त्यानं टेबलामागे बसून पाहिली. मग तो खुनी, की खुन्यांचा मदतनीस? रॉक्सिननी १९६३मध्ये मांडलं की, ज्याच्या हाती सगळी यंत्रणा आहे तोही कर्ताच. हुकूम पाळणारा एक जण मागे हटला तर यंत्रणा दुसरा उभा करते, हुकूम देणारा मात्र तोच राहतो. हाच विचार पुढे १९८५ला अर्जेंटिनाच्या लष्करशहांच्या आणि २००९ला पेरूचे माजी राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांच्या खटल्यात वापरला गेला. रॉक्सिनना ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं तेव्हा वय होतं ३२. १९७१ला म्युनिकला आले ते १९९९ला निवृत्त होईपर्यंत तिथंच. २०२५च्या फेब्रुवारीत गेले.

आता तुमच्या मुलीचं. खरं सांगतो, भारतीय पदवीवर तिकडं फौजदारी कायद्याची प्राध्यापकी मिळणं जवळजवळ अशक्य. तिथल्या मुलांना आधी राज्य परीक्षा, मग दोन वर्षं उमेदवारी, मग दुसरी राज्य परीक्षा. गुण १८ पैकी, आणि ९ पडले तरी पोर हुशार! (आपल्याकडं ५० टक्क्यांना कुणी पेढे वाटेल का?) एक वर्षाचं एलएल.एम. आणि त्यानंतरची डॉक्टरेट मात्र तिच्यासाठी उघडी आहे. त्या वाटेनं जाऊन परत आली, तर इथं शिकवायला तिच्यासारखे फार जण नसतील. फ्रायबुर्गला फौजदारी कायद्याची माक्स प्लांक संस्था आहे, ती तिनं नक्की पाहावी. डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या शिष्यवृत्त्याही पाहा.

विषयही तिच्या हाताशी आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३(५) कलमात ‘समान हेतू’ आहे, म्हणजे अनेकांनी मिळून एकाच हेतूनं गुन्हा केला तर प्रत्येक जण जबाबदार. पडद्याआडच्या सूत्रधाराला ते कलम कुठवर पकडतं आणि रॉक्सिनचा सिद्धांत कुठवर, यावर आत्ताच पंधरा पानं लिहून तिच्या सरांना दाखवू दे. पंधरा पानांतच कंटाळली, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

खरी अडचण पैशांपेक्षा भाषेची. रॉक्सिन स्पॅनिशमध्ये बरेच आलेत, इंग्रजीत फारच थोडे. म्हणून पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या पहिल्या पायरीचा, म्हणजे ए१चा वर्ग याच सत्रात लावा.

राहिल्या कादंबऱ्या. कार्ल माय हा चोरी-फसवणुकीत तुरुंग भोगून आलेला लेखक. अमेरिका न बघताच त्यानं विनेटू या अपाची (अमेरिकेतली एक आदिवासी जमात) नायकाच्या साहसकथा लिहिल्या. त्याच्या नावाच्या सोसायटीचे रॉक्सिन तब्बल २८ वर्षं अध्यक्ष होते! तेव्हा पुस्तकं काढून घेऊ नका. बी१ ही मधली पायरी झाली की विनेटूच जर्मनमधून वाचायला द्या.