कासव घ्यायच्या आधी एवढं वाच भावा

भावा तू लाल कानाचं कासव घ्यायचं म्हणतोयस ना, रेड इअर्ड स्लायडर, दुकानात ते दोन रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासंच मोठं दिसतंय, पण ते वाढतं रे, मादी पंचवीस-तीस सेंटीमीटरपर्यंत जाते आणि २०-३० वर्षं सहज जगतं. काचेच्या बाऊलमधी नाही राहत ते. मोठी टाकी, फिल्टर, ऊन खायला कोरडी जागा आणि उन्हासारखे किरण देणारा यूव्हीबी दिवा लागतो, नाहीतर कवच मऊ पडतं.

मी सोडून दिलेल्या प्राण्यांच्या शेल्टरवर मदतीला जातो, तिथं येणारी कासवं बघून जीव तुटतो, कवच वाकडं, डोळे सुजलेले. आणणारी माणसं वाईट नसतात, पाण्याचा वास येतो, पोरगं शिकायला पुण्याला जातं, घर बदलतं, बस्स. इग्वाना म्हणजे तो मोठा हिरवा सरडा, त्याचंही तेच, शेपटीसकट पाच फूट होतो.

आणि काही झालं तरी कासव रंकाळा तलावात सोडू नकोस! हे मूळचं अमेरिकेतलं, आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. नकोसं झालंच तर वनविभागाच्या १९२६ वर फोन लाव.

स्टार कासव किंवा आपला हिरवा पोपट तर घेऊच नको, कायद्यानं बंदी आहे. ग्रे पॅरट (आफ्रिकेतला राखाडी पोपट), इग्वाना असल्या परदेशी प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, २०२४ चा नियम आहे, दुकानदार बहुतेक सांगत नाहीत, कागद मागून घे.

एखादा रविवार माझ्याबरोबर शेल्टरवर ये, टाकी धू, मग ठरव.