मेहेराबादहून आलेल्या तीन तबकड्या

प्रश्न : माझे मामा अनेक वर्षे नेमाने मेहेराबादला, मेहेरबाबांच्या समाधिस्थानी, जात असत. तेथे आलेल्या एका अमेरिकन पाहुण्याने मायदेशी परतताना त्यांना तीन तबकड्या भेट दिल्या होत्या आणि मामांच्या पश्चात त्या माझ्याकडे आल्या आहेत. रॉबी बाशो या गिटारवादकाच्या ‘द फाल्कनर्स आर्म’चे दोन्ही भाग (1967) आणि ‘झार्थस’ (1974) अशा या तबकड्या आहेत. जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या दोन-तीन दुकानांत चौकशी केली, परंतु हे नावही कोणी ऐकलेले नव्हते. या तबकड्यांचे डिजिटल रूपांतर करून ते इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य ठेवावे असे मनात आहे. ‘जे बाजारात मिळतच नाही ते वाटण्यात कोणाचे काय नुकसान?’ असे माझा मित्र म्हणतो. आपण काय सांगाल?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : तुमच्या मामांना या तबकड्या मेहेराबादला मिळाल्या, यात योगायोगाचा भाग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी असावा. बाशो हा स्वतः मेहेरबाबांचा अनुयायी होता आणि बाबांनी 1952 साली अमेरिकेतील आपल्या अनुयायांसाठी स्थापन केलेल्या ‘सूफीझम रिओरिएंटेड’ या संस्थेचा सदस्य होता. 1940 साली बाल्टिमोरमध्ये जन्मलेल्या आणि रॉबिन्सन कुटुंबात दत्तक गेलेल्या या मुलाने पुढे जपानी कवी बाशो याचे नाव स्वीकारले. रविशंकरांची सतार ऐकल्यावर त्याची दिशाच बदलली आणि पुढे कॅलिफोर्नियात त्याने उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे धडे घेतले. पोलादी तारांच्या गिटारवर, विशेषतः बारा तारांच्या गिटारवर, केवळ बोटांनी तारा छेडत आलाप-जोडासारखा सावकाश विस्तार करणारे त्याचे वादन आपल्या कानांना परके वाटत नाही, ते यामुळेच. (त्याचे गाणे मात्र सर्वांना रुचेल असे नाही. मला स्वतःला तो थरथरता, खर्जातला आवाज आवडू लागायला बराच काळ लागला.) 1986 साली, वयाच्या अवघ्या 45 व्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याच्या बहुतेक तबकड्या बाजारातून नाहीशा झालेल्या होत्या.

आता तुमच्या मित्राच्या म्हणण्याकडे वळू. बाजारात न मिळणे आणि मालक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घोटाळा नेमका येथेच होतो. ‘द फाल्कनर्स आर्म’ ही टाकोमा या कंपनीची निर्मिती आहे. गिटारवादक जॉन फेही याने 1959 साली सुरू केलेली ही छोटी कंपनी पुढे क्रिसालिसकडे, 1995 मध्ये फँटसीकडे आणि 2004 मध्ये फँटसीसह काँकॉर्डकडे गेली. ‘झार्थस’ काढणारी व्हॅनगार्ड कंपनीही वेल्क समूहामार्फत 2015 साली काँकॉर्डकडेच पोहोचली. म्हणजे, 1960-70 च्या दशकांत ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता अशा दोन कंपन्यांच्या तुमच्याकडील तिन्ही तबकड्यांचा माग आज एकाच दारापाशी पोहोचतो. परवानगीचे पत्र पाठवायचे झाल्यास पत्ता शोधणे त्यामुळे सोपे आहे. उत्तर येईलच अशी हमी मात्र मी देणार नाही.

कायद्याचे गणित असे आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षे टिकतो. या हिशेबाने ‘द फाल्कनर्स आर्म’वरील हक्क भारतात 2027 अखेरपर्यंत आणि ‘झार्थस’वरील 2034 अखेरपर्यंत राहील. पण ध्वनिमुद्रणाखाली आणखी एक थर असतो, तो म्हणजे मुळातली संगीतरचना. तिच्यावरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे, म्हणजे बाशोच्या स्वतःच्या रचनांबाबत 2046 अखेरपर्यंत चालतो. त्यामुळे 2028 उजाडला की सारे मोकळे झाले असे समजून कोणी फायली खुल्या केल्या, तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटलेला असेल आणि रचनेचा शिल्लक असेल. त्यातही इंटरनेटवर ठेवलेली फाईल भारताच्या सीमेत थांबत नाही. अमेरिकेत 2018 च्या कायद्यानंतर 1957 ते फेब्रुवारी 1972 या काळातील ध्वनिमुद्रणांना 15 फेब्रुवारी 2067 पर्यंत संरक्षण मिळाले आहे. त्याच कायद्यात एक शहाणपणाची वाटही ठेवलेली आहे : 1972 पूर्वीचे जे ध्वनिमुद्रण बाजारात उपलब्धच नाही, त्याचा बिनव्यापारी वापर करू इच्छिणाऱ्याने रीतसर शोध घ्यावा, तेथील कॉपीराइट कार्यालयात सूचना दाखल करावी आणि 90 दिवसांत हक्कधारकाने हरकत घेतली नाही, तर तो वापर करावा. अशी तरतूद आपल्याकडेही असती, तर नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या किती तरी तबकड्या संग्राहकांच्या कपाटांतून बाहेर आल्या असत्या.

येथे सोवळेपणाचा आव आणणे मला जमणार नाही. बाशोचे नाव टिकले ते बऱ्याच अंशी अशा श्रोत्यांमुळे, ज्यांनी त्याच्या तबकड्यांच्या कॅसेट भरून एकमेकांना दिल्या, आणि त्यांतील फारच थोड्यांनी कोणाची परवानगी घेतली असेल. परंतु तेव्हाची आणि आजची परिस्थिती सारखी नाही. ‘व्हीनस इन कॅन्सर’ 2006 मध्ये आणि ‘व्हिजन्स ऑफ द कंट्री’ 2013 मध्ये पुन्हा निघाले. लियाम बार्कर यांनी त्याच्यावर माहितीपट केला आणि 2020 मध्ये अप्रकाशित टेपांचा पाच सीडींचा ‘साँग ऑफ द अवतार्स’ हा संच आला. हे काम लहान कंपन्या करतात आणि त्यांच्या आवृत्त्या थोड्या प्रतींच्या असतात. त्यामुळे कोणतीही फाईल कोणालाही देण्यापूर्वी ते ध्वनिमुद्रण आज विकत मिळते का, हे पाहणे मी अनिवार्य मानतो. मिळत असेल तर मित्राला दुकानाची वाट दाखवावी.

तुम्हाला निर्धास्तपणे करता येण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. स्वतःच्या ऐकण्यासाठी वा अभ्यासासाठी प्रत करून ठेवणे खासगी वापरात बसते. मूळ तबकडी मित्राला आठवडाभर ऐकायला देण्यात काहीच वावगे नाही. आणि मला सर्वांत आवडणारा मार्ग म्हणजे श्रवणसत्र : नफ्यासाठी न चालणाऱ्या मंडळाच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवण्यास आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. तुमच्या शहरात एखादे संगीत मंडळ असेल, तर ‘द फाल्कनर्स आर्म’ची एक बाजू लावा आणि पाठोपाठ अली अकबर खाँ यांच्या सरोदची एखादी ध्वनिमुद्रिका ऐकवा. एका वाक्याचेही निवेदन लागणार नाही. पुढेमागे तबकड्या घरात ठेवणे अवघड झाले, तर त्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्या. विनानफा ग्रंथालयाला स्वतःच्या संग्रहातील मूळ प्रतीवरून जतनासाठी डिजिटल प्रत करण्याची मुभा 2012 च्या दुरुस्तीने दिलेली आहे. मुंबईतील ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींचा भर हिंदुस्थानी तबकड्यांवर असला, तरी तबकडी कशी सांभाळावी हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

प्रश्न : (त्याच वाचकांकडून) डिजिटल रूपांतर करताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : आधी तबकडी ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, मधल्या लेबलला ओल लागू देऊ नका आणि ती पूर्ण वाळल्यावरच सुई टेकवा. ध्वनिमुद्रण 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर करा आणि ही कच्ची प्रत हात न लावता जपून ठेवा. खरखर काढणारे सॉफ्टवेअर वापरायचेच असेल, तर दुसऱ्या प्रतीवर आणि जेमतेम वापरा. बारा तारांचा विरत जाणारा नाद शेवटी सुईच्या सळसळीइतकाच बारीक होतो आणि सॉफ्टवेअरला त्या दोहोंत फरक करता येत नाही. तबकडीचा वेग ट्यूनरवर स्वर मिळवून तपासू नका, कारण बाशोच्या तारा नेहमीच्या स्वरांत जुळवलेल्या नसतात आणि तुम्ही बरोबर असलेला वेग चुकीचा ठरवून बसाल. त्यासाठी स्ट्रोब चकती वापरा, म्हणजे तबकडीसारखी फिरवायची रेघांची चकती; वेग बरोबर असेल, तर घरच्या विजेवरील दिव्याच्या उजेडात तिच्या रेघा स्थिर दिसतात. मामांच्या त्या पाहुण्याने तबकड्यांबरोबर अशी चकतीही दिलेली असेल, तर ती बाजूला ठेवा. अमेरिकन चकतीच्या रेघा तेथील 60 हर्ट्झच्या विजेसाठी आखलेल्या असतात आणि आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची आहे.